मूकपट वाचणाऱ्या अक्का

आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही. पंक्तीत मी बोलायला लागलो की माणसं ताटावरून लवकर उठतात, एवढाच त्याचा पुरावा. बायको तर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते, की ह्यांच्या गोष्टीत निम्मं खरं असतं, पण कुठलं निम्मं ते ह्यांनाही माहीत नसतं. तरी एक विषय असा आहे, की तो निघाला तर घरातलं कुणी उठत नाही. उलट मी कुठं चुकलो की चारी बाजूंनी दुरुस्त्या येतात. तो विषय म्हणजे आमच्या शेजारच्या गिरिजा अक्का.

अक्का मूकपट वाचायच्या.

हे वाक्य ऐकून परका माणूस माझ्याकडे संशयानं बघतो, म्हणून नीट सांगतो. मूकपटातली माणसं तोंड हलवतात, पण आवाज नसतो. मध्येच पडद्यावर अक्षरांची पाटी येते आणि ती काय बोलली ते आपल्याला कळतं. अक्कांचे मूकपट जर्मन, त्यामुळे पाट्याही जर्मन. म्हणून अक्का स्वतः पडद्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहायच्या. उंच, काटकुळ्या, अंगावर इरकली लुगडं, पायात खेळायचे पांढरे बूट आणि हातात शाळेत नकाशा दाखवायला असते तसली काठी. पाटी आली की काठी तिच्यावर टेकायची आणि अक्का ती मराठीत म्हणायच्या. मराठीत म्हणजे कोल्हापुरीत. शंभर वर्षांपूर्वीचा, उंच टोपीतला, एका डोळ्यावर काच लावलेला जर्मन उमराव पडद्यावर हात हलवायचा आणि इकडून आवाज यायचा, "काय बोलायलाईस तुझं तुला तरी कळतंय काय?" सगळं सभागृह हसायचं. थोड्या वेळानं ध्यानात यायचं, की आपण हसायचे थांबलो आहोत. नेमके कधी थांबलो ते कुणालाच सांगता यायचं नाही. बाई म्हातारी व्हायची, बाप व्हायची, पोर व्हायची, आणि तेही एकाच जागी, एकाच लुगड्यात, आवाज फारसा न बदलता. मी लॅपटॉपमागे बसून तोंड उघडं टाकून बघत राहायचो. माझ्याकडे लॅपटॉप होता, कारण मी आमच्या फिल्म सोसायटीचा सचिव होतो. आणि सचिव होतो, कारण सभासदांत लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड फक्त माझ्याकडे होता.

अक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या, लिंगायत. वडिलांचं भांड्यांचं दुकान. घरात कन्नड, दुकानात मराठी. त्यात जर्मन कुठून शिरलं हे त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे. पुण्यात शिकल्या, शिष्यवृत्तीवर वर्षभर त्या देशात राहिल्या, आणि तिथं एका लहानशा थिएटरात, पियानोच्या साथीवर, पहिला मूकपट पाहिला. परत आल्या त्या कोल्हापुरात कॉलेजात जर्मन शिकवायलाच. मला त्या तम्मा म्हणायच्या. कन्नडात धाकट्या भावाला म्हणतात तसं. रागावल्या की पुढचं सगळंच कन्नडात यायचं, त्यामुळे त्यांनी मला आयुष्यात नक्की काय काय म्हटलं याची मला सुदैवानं कल्पना नाही.

त्यांच्या शिकवण्याच्या कथा आजही त्यांचे विद्यार्थी सांगतात. जर्मनमध्ये घशातून खरवडून काढायचा एक आवाज आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरांना तो जमेना. अक्का म्हणाल्या, तांबड्या रश्श्याचा पहिला भुरका घेताना ठसका लागला की गळ्यातून जो निघतो, तो. वर्ग एका तासात जर्मन झाला. त्यातला एक पुढे तिकडच्या कारखान्यात लागला. तिथल्या साहेबानं त्याला विचारलं, उच्चार कुठं कमावलास? त्यानं साहेबाला रस्साच करून घातला.

पण या सगळ्यापेक्षा मला अक्कांच्या एका गोष्टीचा धाक वाटायचा. त्या प्रश्न विचारायच्या आणि उत्तरासाठी खरोखर थांबायच्या. आपण सगळे विचारतो, "काय, बरं आहे ना?" आणि पुढे निघतो. अक्का उभ्या राहायच्या. लग्न का केलं नाही असं त्यांना कुणी विचारलं, तर त्या उलट विचारायच्या, "तुम्ही का केलंसा?" आणि थांबायच्या. चेहऱ्यावर थट्टा नाही, राग नाही. माणूस आधी हसायचा, मग इकडेतिकडे बघायचा, मग बिचारा खरंच विचार करायला लागायचा. दोघातिघांचे संसार त्या प्रश्नानं हलले असावेत असा माझा अंदाज आहे.

मी शाळकरी होतो तेव्हाचं एक आठवतं. माझी थोरली बहीण महिन्याच्या त्या दिवसांत मागच्या पडवीत गोणपाटावर बसायची. ताट वेगळं, तांब्या वेगळा. का, ते विचारायचं नाही, एवढं एकच तिला आणि मला सांगितलं होतं. एकदा अक्का विरजण मागायला आल्या, बहिणीला तिथं बघितलं, आणि सरळ जाऊन गोणपाटावर तिच्या शेजारी बसल्या. तिच्या ताटातली भाकरी मोडली, शेंगदाण्याची चटणी लावली आणि खाल्ली. आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आईला थोरल्या भावाच्या नावानं हाक मारत अक्का चावत चावत म्हणाल्या, "विलासची आई, आमच्यात विटाळ न्हाई. आमचा देव गळ्यात असतोय. चार दिवस त्याला काय खुंटीला अडकवून ठेवू?" आणि लुगड्याच्या पदराआडची चांदीची डबी काढून दाखवली, ज्यात त्यांचं लिंग असायचं. मग त्या थांबल्या. बहीण काही लगेच आत जेवायला आली नाही. पण पुढच्या महिन्यात गोणपाटाच्या जागी सतरंजी आली. आमच्या घरात क्रांती अशीच येते, सतरंजीच्या वेगानं.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या सोसायटीनं दिवाळीच्या सुट्टीनंतर अक्कांचा एक खेळ ठरवला. हा मूकपट बोलपट यायच्या जरा आधीचा, मूकपटांच्या अगदी अखेरचा. त्याचं जर्मन नाव लांबलचक होतं. अक्कांनी मराठीत केलं, 'घरातलं कुणी बोलेना'. बैठकीत त्यांनी स्वच्छ सांगितलं, की ही चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांची गोष्ट आहे, ज्यांना मोठी माणसं काही म्हणजे काही सांगत नाहीत. आणि अट घातली, की पोरांना आईबापांबरोबर बसवायचं. नुसती पोरं नकोत आणि नुसते आईबापही नकोत.

समितीनं विनाचर्चा मंजूर केलं. त्याचं कारण ऐकून बाहेरगावचा माणूस हसेल, पण कोल्हापूरचा हसणार नाही. आमच्या गावात एके काळी चित्रपट बनत. प्रत्येकाच्या आजोबांनी कुठल्या ना कुठल्या मूकपटात राक्षसाचं सैन्य म्हणून काम केलेलं असतं, निदान घरात तसं सांगतात. त्यामुळे मूकपट म्हणजे देवादिकांचा, हे आमच्या रक्तात आहे. अध्यक्ष म्हणजे निवृत्त वकील. त्यांनी तर निकालच दिला: त्यात कुणी बोलतच नाही, तर वंगाळ काय बोलणार? जाहिरात मी लिहिली. 'जर्मन मूकपट. सहकुटुंब सहपरिवार पाहावा.' शिवाय पडद्यासमोर नारळ फोडायचं ठरलं, आणि तो फोडायला माझ्या थोरल्या भावाला बोलवायचं ठरलं, कारण सोसायटीच्या कार्यक्रमांना चहापाण्यापासून सतरंज्यांपर्यंत सगळं तोच देतो. विलासदादा. शाहूपुरीत गुळाचा व्यापार. आवाज असा की मोबाइल त्याला शोभेसाठी लागतो.

खेळाच्या आधी आठवडाभर आमच्या घरात वेगळंच सुरू झालं. दादाची मुलगी ऋतुजा नववीत. तिला रंकाळ्यावर वर्गातल्या एका मुलाबरोबर भेळ खाताना दादाच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं पाहिलं. बस, एवढंच. पण ते दादाच्या कानावर आलं ते बाजारातून, चार माणसांसमोर, आणि आमच्या दादाला आग लागायला गुळाच्या काहिलीखालचा जाळ लागत नाही. त्यानं तिचा मोबाइल काढून घेतला. शाळेत कळवलं की तब्येत बरी नाही. वहिनीच्या भावाचा आजऱ्याला काजूचा कारखाना आहे. त्याला फोन करून सांगितलं, की सोमवारी पोरीला आणून सोडतो, तिथल्याच शाळेत नाव घाल, नजरेखाली ठेव. ऋतुजाला कुणी काही विचारलं नाही. तीही बोलायची बंद झाली. वहिनी आधीपासूनच कमी बोलणारी. आता तिचे ओठ हलणंही थांबलं. जेवताना 'आमटी' आणि 'बास' या दोन शब्दांवर आमचं एकत्र कुटुंब चाललं होतं. माझ्या गोष्टींनाही कुणी उठून जात नव्हतं, यावरून परिस्थिती ओळखा.

प्रोजेक्टरची वायर तपासायला मी अक्कांकडे गेलो तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. अर्थात कुजबुजत.

"कुजबुजतोयस कशाला?" अक्का म्हणाल्या. "पोरीनं खून केलाय काय?"

मी म्हणालो, तसं नाही, पण दादा...

"पोरीला कुणी विचारलं काय?"

"काय विचारायचं, अक्का?"

"भेळ कशी हुती ते." आणि नेहमीप्रमाणे थांबल्या. मी वायरीकडे बघत राहिलो.

जाताना मी हळूच सुचवलं, की दादा नारळ फोडायला येणार, ऋतुजालाही आणणार, कारण तिला घरी एकटी ठेवायची नाही असं त्याचं ठरलंय. तर यंदा दुसरा एखादा मूकपट लावावा का? भुताचा वगैरे? अक्का म्हणाल्या, पाट्या वाचून झाल्यात, आता बदलत न्हाई. मग दारापर्यंत आल्या आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मोबाइलवर आजकाल पोरास्नी सगळं दिसतं, तम्मा. दिसण्याचं मला काय वाटत न्हाई. इचारायला माणूस लागतंय. ते कुठं हाय?"

शनिवारी संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका शाळेचं सभागृह भरलं. खरंच सहकुटुंब. बायका डब्यात चिवडा घेऊन आलेल्या. दादानं पांढऱ्या शर्टात, कपाळाला गंध लावून नारळ फोडला, एका फटक्यात, आणि टाळ्या घेत तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. एका बाजूला वहिनी, दोघांच्या मध्ये ऋतुजा, बॅगेसारखी ठेवलेली. पडद्याच्या उजव्या बाजूला लग्नाच्या बँडमधले अन्वरभाई क्लॅरिनेट घेऊन, आणि डाव्या बाजूला अक्का. मी बटण दाबलं.

गोष्ट अशी होती. एक लहान गाव, हिवाळ्यात गोठलेलं तळं. पोस्टमास्तरची पंधरा वर्षांची मुलगी, लोटे. तिच्याच शाळेतला एक मुलगा. दोघं तळ्यावर बर्फात घसरत खेळतात. एकदा पडतात, हसतात, आणि मुलगा तिच्या गालाचा मुका घेतो. झालं. पण लोटेला घरात कुणी कधी काही सांगितलेलं नाही. शरीरात कसले कसले बदल चाललेत, कशाचा अर्थ काय, काही ठाऊक नाही. तिची समजूत होते, की त्या मुक्यानं आपल्याला मूल होणार. पोर घाबरून जेवणं टाकते.

बापाच्या मिशा पडदाभर. तो घरात शिरला की अक्का म्हणायच्या, "माझ्या घरात मान खाली घालून चालायचं. वर काय हाय बघायला? पत्रं?" सभागृह फुटायचं. प्रत्येकाला आपापला बाप आठवला असावा. सगळ्यात मोठ्यानं हसत होता दादा. अन्वरभाईंनी बापासाठी वरातीतली एक तान ठेवली होती, त्यावर पोरं पाय आपटत होती. अध्यक्ष मागे वळून मला खूण करत होते, की झकास. मला वाटलं, निभावलं.

मग तो प्रसंग आला. आई कपड्यांना इस्त्री करते आहे. लोटे दारात उभी राहते, आत येते, पुन्हा दारात जाते. शेवटी आईच्या पाठीशी येऊन काहीतरी विचारते. पाटी आली. अक्कांची काठी तिच्यावर टेकली.

"आई, माझ्या अंगात काय चाललंय? मी वाईट झालो काय?"

कोल्हापुरात पोरीही झालो, गेलतो असंच म्हणतात. त्यामुळे ती पोर जर्मन राहिलीच नाही. तिसऱ्या रांगेतली झाली. पडद्यावर आई वळली. चेहरा मोठा झाला. ओठ उघडले.

"थांबव," अक्का म्हणाल्या.

हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी घाईनं आवाजाचं बटण दाबलं, जे मूकपटाला लागतच नाही. मग स्क्रीनचा उजेड कमी केला. मग कुठं ते चित्र थांबलं. आईचा प्रचंड चेहरा, अर्धवट उघडलेलं तोंड. अक्का कधीही पाटीबाहेरचं अवाक्षर बोलत नसत. पण त्या आता पडद्याच्या पुढे आल्या, काठी खाली धरली.

"आईची पाटी यायची हाय," त्या म्हणाल्या. "ती बाई काय म्हणाली ते मी सांगणारच हाय. तिच्या आधी तुम्ही सांगा. इथं बसलेल्या आयांनी. पोरगी दारात उभी हाय. काय म्हणशीला?"

आणि थांबल्या.

ते थांबणं मी आयुष्यभर पाहत आलो होतो, पण एका माणसापुरतं. तीनशे माणसांच्या सभागृहाला मी ते पहिल्यांदा झेलताना पाहिलं. आधी कुणीतरी हसलं. मग चिवड्याच्या डब्याचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला. अध्यक्ष उठून अर्धे उभे राहिले, बसले. क्लॅरिनेट अन्वरभाईंच्या मांडीवर. मला वाटलं बटण दाबून टाकावं. त्या बाईनं अख्ख्या गावाला दारात उभं केलं होतं, आणि स्वतः शांत, खेळाचे पांढरे बूट जुळवून उभ्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची वाजली. वहिनी उठली होती.

आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून वहिनी चार माणसांत बोललेली मी ऐकली नव्हती. पदर खांद्यावर घट्ट धरलेला. ती ऋतुजाकडे बघत नव्हती, दादाकडेही नाही. पडद्यावरच्या त्या मोठ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"वाईट न्हाईस तू," वहिनी म्हणाली. "मला बी असंच हुयाचं. लई भ्या वाटायचं. मला कुणी सांगितलं न्हाई. ये. इथं बस. सांगतो."

आणि बसली. ऋतुजा तशीच समोर बघत राहिली. फक्त तिचा हात आईच्या हातात गेलेला मला मागून दिसला. तो कुणी आधी पुढे केला ते मला दिसलं नाही, आणि मी निम्मं खोटं सांगणारा माणूस असलो तरी ते मी कधी बनवून सांगत नाही.

अक्कांनी मान हलवली. टाळ्या वाजवायला निघालेल्या दोघांना काठीनंच गप्प केलं. "लाव, तम्मा."

चित्र सुरू झालं. जर्मन आईची पाटी आली. अक्कांनी वाचली, "असलं इचारायचं नसतं. खिडकी लाव, गार वारं येतंय." सभागृहातून एक आवाज आला, हसू नव्हे, दुसरं काहीतरी.

पुढे पोस्टमास्तरला मुलाचं कळतं. तो चौकशी करत नाही. पेटी काढतो, मुलीचे कपडे भरतो. लांबच्या गावी तिची कडक आत्या असते, तिच्याकडे धाडायचं. मुलगी काही बोलत नाही. बाप पेटीवर गुडघा टेकवून पट्टे आवळतो. इथं दादा उठला. रांगेतल्या लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर गेला. मी धाकट्या भावाच्या कर्तव्यानं उठणार होतो, पण लॅपटॉप सोडता येईना, आणि खरं सांगायचं तर पुढं काय होतं ते मलाही बघायचं होतं.

लोटे घरातून निसटते आणि तळ्याकडे धावते. आता वसंत आलाय, बर्फ पातळ झालाय. ती तळ्याच्या मधोमध उभी. बाप काठावरून हाका मारतो, आणि मग तो मिशाळ माणूस पोटावर आडवा होऊन बर्फावरून सरपटत तिच्याकडे जायला लागतो. हात पुढे करतो. पोरगी त्याला बघते आणि घाबरून एक पाऊल मागे जाते. बर्फ फुटतो. शेवटी आई रिकाम्या बिछान्यापाशी बसलेली, चादर सारखी करते आणि बोलायला लागते. पाटी येते. जवळपास तेच, जे वहिनीनं सांगितलं होतं. अक्कांनी ते वाचलं तेव्हा त्यांचा आवाज मी प्रथमच इतका हळू ऐकला.

दिवे लागले. लोक बराच वेळ उठले नाहीत. मग उठले ते पोरांचे हात धरून. एक-दोन बाप माझ्यावर जाहिरातीबद्दल तुटून पडले. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वेळी आधी बघून मगच. अक्का मात्र दिवे लागण्याआधीच काठी घेऊन बाजूच्या दारानं निघून गेल्या होत्या. टाळीसाठी त्या कधी थांबत नसत. दादा बाहेर स्कूटरवर बसला होता.

रविवारी सकाळी दादा चहा घेत होता. ऋतुजाची बॅग बाहेरच्या सोप्यात भरून ठेवलेली. बाहेर पडणाऱ्या लोकांकडून तळ्याचं अर्धंमुर्धं दादाच्या कानावर आलं असावं. त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "ती पोरगी वाचली काय?"

थोरल्या भावानं आपणहून मला गोष्ट विचारण्याचा हा पहिलाच प्रसंग. मी सरसावून बसलो. दादा म्हणाला, "तू नको. तू वाचवशील तिला." आणि उठून अक्कांकडे गेला. भांडण झालं तर मधे पडायला म्हणून मी मागोमाग.

अक्कांनी दार उघडलं. दादानं उंबऱ्यातच तोच प्रश्न विचारला. अक्का म्हणाल्या, "मधनं उठून गेलेल्यास्नी मी शेवट सांगत न्हाई, विलास. पहिल्यापासनं बघायला लागंल."

मला वाटलं, आता दादा फिरणार. तो आत जाऊन वेताच्या खुर्चीत बसला.

अक्कांनी टेबलावर त्यांचा छोटा लॅपटॉप मांडला. खिडकीचा पडदा ओढला. आणि मग कोपऱ्यातली काठी घेऊन त्या लॅपटॉपच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. एक माणूस, वीतभर पडदा, आणि त्या उभ्या. बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं? तेव्हा त्यांची पंचाहत्तरी उलटून गेली होती, गुडघे दुखायचे, आदल्या संध्याकाळचा शीण होता. पण अक्कांनी अख्खा खेळ केला. तोच आवाज, तोच जोर, आई, पोर, बाप, एकही पाटी न गाळता. बापाच्या पाट्यांना दादा हसला नाही. आईच्या प्रसंगाला अक्का थांबल्या नाहीत; सरळ वाचत गेल्या. पेटीचा प्रसंग आला, गेला. दादा उठला नाही. बाप बर्फावर सरपटायला लागला तेव्हा दादा खुर्चीत पुढे सरकला, इतका की त्याच्या वजनानं वेत करकरलं. मी दाराच्या पायरीवर बसून ते बघत होतो, आणि मला कळेना की नक्की कुणाकडे बघावं.

खेळ संपला. अक्कांनी काही विचारलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, उठला, अक्कांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर आला.

अक्कांनी त्यानंतर खेळ केला नाही. पुढचा उन्हाळा त्यांना सोसला नाही. त्या दिवसांत मी त्यांना दवाखान्यात पाहिलं, अंथरुणावर पाहिलं, पण ते मी मोजत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी, त्यांच्या उंबऱ्यात.

दादा दोन घरांमधल्या बोळात येऊन उभा राहिला आणि आमच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "ऋतुजा." आठवड्यात पहिल्यांदा. ती दारात आली. मागे वहिनी. दादानं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की पुढचं काय ते त्यानं ठरवलेलंच नाही. आमचा आवाजाचा राजा नुसता उभा. मी खोकलो, म्हटलं काहीतरी बोलून सावरावं, तर अक्कांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. गप. काठी काखेत, नजर दादाच्या पाठीवर. त्या त्याच्यासाठी थांबल्या होत्या, आणि कितीही वेळ थांबल्या असत्या.

दादा म्हणाला, "उद्या शाळेला डब्याला काय पायजे?"

ऋतुजानं त्याच्याकडे बघितलं. मग आईकडे. मग म्हणाली, "भात नको. रोज भातच असतोय."

खांद्यावरचा हात निघाला. मी वळून बघेपर्यंत अक्का आत गेल्या होत्या.